बारा वर्षांतून एकदा पादचाऱ्यांचे होणारे शहर

नाशिकमधील गोदावरीकाठचे रामकुंड साधारण २७ मीटर लांब आणि १२ मीटर रुंद आहे. १६९६ साली चित्रराव खटारकर यांनी ते बांधून घेतले असे सांगितले जाते. क्षेत्रफळ काढले तर सव्वातीनशे चौरस मीटरच्या आसपास भरते; हल्लीच्या मंगल कार्यालयाचे सभागृह याहून मोठे असते. गुरू सिंह राशीत आला की, म्हणजे सिंहस्थ कुंभमेळ्यात, लाखो माणसांना एकाच दिवशी, शक्यतो एकाच मुहूर्तावर, या एवढ्याशा पाण्यात उतरायचे असते.

जरा हिशेब मांडून पाहू. एका चौरस मीटरमध्ये दोन माणसे धरली तर कुंडात एका वेळी साडेसहाशे जण मावतात. प्रत्येकाने पाच मिनिटांत स्नान आटोपून जागा सोडली, तर तासाला जेमतेम पावणेआठ हजार जणांचे स्नान होईल. अठरा तास एक क्षणही न थांबता हा क्रम चालला तरी आकडा एक लाख चाळीस हजारांच्या पुढे जात नाही. प्रत्यक्षात म्हातारी माणसे पायरीवर थबकतात, ओल्या कपड्यांची अडचण होते, कुणी पाण्यात उभे राहून अर्घ्य देते. सिंहस्थाच्या पर्वणीला, म्हणजे मुख्य स्नानाच्या दिवशी, येणारी गर्दी या आकड्याच्या कितीतरी पट असते. म्हणजे खरा प्रश्न घाटाकडे येणाऱ्या आणि घाटावरून जाणाऱ्या वाटांचा आहे. नाशिकच्या वाहतूक नियोजनाची सगळ्यात कठीण परीक्षा मोटारींची नसून पायांची आहे, आणि ती दर बारा वर्षांनी ठरलेल्या तारखेला होते.

या परीक्षेत शहर एकदा फार वाईट रीतीने नापास झाले. २७ ऑगस्ट २००३ रोजी, शाही स्नानाच्या दिवशी, पंचवटीतल्या सरदार चौकाजवळ रामकुंडाकडे उतरणाऱ्या अरुंद वाटेवर चेंगराचेंगरी झाली आणि ३९ भाविकांचा जीव गेला. मृतांमध्ये बायकांची संख्या मोठी होती. साधूंच्या मिरवणुकीतून चांदीची नाणी उधळली गेली आणि ती उचलायला लोक वाकले, असे त्या दिवसाच्या अनेक वृत्तांतांत आले. नाणी पडली असतील, पण ती मोकळ्या मैदानात पडली असती तर कुणाचा जीव गेला नसता. ती पडली उताराच्या, चिंचोळ्या, दोन्ही बाजूंना घरे असलेल्या वाटेवर. तिथे मिरवणूक पुढे जाईपर्यंत भाविकांना अडथळ्यांमागे रोखून धरले होते आणि मागून माणसे येतच होती.

गर्दीचे शास्त्र इथे नीट समजून घेतले पाहिजे, कारण याबाबत आपल्या मनात काही चुकीच्या समजुती घट्ट बसल्या आहेत. ‘लोक घाबरले, पळाले, म्हणून माणसे मेली’ असे आपण म्हणतो. बहुतेक वेळा क्रम उलटा असतो. सपाट वाटेवरून माणसे एका दिशेने चालत असतील तर एक मीटर रुंदीतून मिनिटाला जास्तीत जास्त ८२ माणसे पुढे सरकू शकतात. ब्रिटनमधील क्रीडांगणांच्या सुरक्षेचे नियम हाच आकडा वापरतात. पायऱ्यांवर तो ६६ वर येतो. म्हणजे तीन मीटरची गल्ली असेल तर मिनिटाला सुमारे २४६ माणसे. मागून मिनिटाला चारशे येत असतील तर दर मिनिटाला दीडशे माणसे साचत जातात. दहा मिनिटे वाट अडवून धरली तर मागच्या रांगेत चार हजार माणसे उभी राहिलेली असतात, आणि सगळ्यात मागच्या माणसाला पुढे वाट बंद आहे हे दिसतही नाही. तो आपला एक पाऊल पुढे टाकतो. त्या हजारो एकेका पावलांचा दाब पुढच्या माणसांवर येतो.

एका चौरस मीटरमध्ये चार माणसे असली की चालणे मंदावते. सहा-सातच्या पुढे गेली की गर्दी पाण्यासारखी वागू लागते. तिच्यात लाटा उठतात, माणसाचे पाय जमिनीवरून उचलले जातात, कुठे जायचे हे त्याच्या हातात राहत नाही. अशा गर्दीत मृत्यू बहुधा पायाखाली तुडवले जाऊन येत नाही. छातीवरच्या दाबाने श्वासच घेता येत नाही, आणि माणूस उभ्याउभ्या गुदमरतो. यात कुणाची बेशिस्त शोधणे व्यर्थ आहे. वाटेची रुंदी, उतार, वळण, आणि माणसे कुठे थांबवली, या चार गोष्टींत बहुतेक उत्तर असते. २९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलाच्या जिन्यावर २३ जण गेले, तेव्हाही पाऊस, चिंचोळा जिना आणि दोन्ही टोकांकडून आलेली माणसे एवढेच कारण पुरेसे ठरले होते.

२००३ नंतर नाशिकने जे शिकून घेतले ते मला या शहराचे मोठे कर्तृत्व वाटते, आणि त्याची म्हणावी तशी नोंद झालेली नाही. चौकशीसाठी रमणी आयोग नेमला गेला. पण मिरवणुकीचा मार्ग ही परंपरेची बाब, तिला हात लावायचा म्हणजे आखाड्यांशी, पुरोहितांशी, मार्गावरच्या रहिवाशांशी बोलणी आली. तरीही २०१५ च्या सिंहस्थात तपोवनातल्या साधुग्रामातून निघणारी मिरवणूक सरदार चौकाचा अरुंद उतार टाळून गणेशवाडीच्या बाजूने नेण्यात आली. स्नानासाठी रामकुंड एकटे पुरणार नाही हे मान्य करून गोदावरीच्या प्रवाहाबरोबर खाली तपोवन, टाकळी, नांदूर-दसक अशा ठिकाणी घाट बांधले किंवा वाढवले. गाड्या शहराबाहेरच्या वाहनतळांवर थांबवायच्या, तिथून एसटीने आतल्या वाहनतळापर्यंत आणायचे, आणि शेवटचा टप्पा पायी, अशी तीन पदरी रचना केली. येण्याची वाट वेगळी आणि परतीची वेगळी, समोरासमोर गर्दी भिडणार नाही, हा नियम सगळीकडे पाळण्याचा प्रयत्न झाला.

२९ ऑगस्ट २०१५ च्या पहिल्या पर्वणीला हा बंदोबस्त इतका कडक झाला की लोकांना कित्येक किलोमीटर तंगडतोड करावी लागली. ठिकठिकाणचे अडथळे, बंद गल्ल्या, यांनी नाशिककर स्वतःच्याच गावात अडकून पडले, आणि गर्दी अपेक्षेपेक्षा बरीच कमी आली. टीका झाली. मग १३ सप्टेंबरच्या दुसऱ्या पर्वणीआधी निर्बंध सैल करण्यात आले, लोकांना घाटाच्या जास्त जवळ येऊ दिले गेले, आणि त्या दिवशी गोदाकाठ माणसांनी फुलून गेला. तिसरी पर्वणी १८ सप्टेंबरला. तिन्ही पर्वण्या चेंगराचेंगरीशिवाय पार पडल्या. पहिल्या योजनेतली चूक दोन आठवड्यांत दुरुस्त करून लगेच पुढच्या पर्वणीला वापरून पाहणे, हे शहर-नियोजनात सहसा घडत नाही. एकदा बांधलेला उड्डाणपूल पंधरा दिवसांनी हलवता येत नाही. बांबूचा अडथळा हलवता येतो.

याच सिंहस्थात नाशिकच्या मुलांनी एक गोष्ट करून दाखवली. नाशिकमध्येच वाढलेले आणि अमेरिकेत एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये संशोधन करणारे रमेश रासकर यांच्या पुढाकाराने ‘कुंभथॉन’ नावाची शिबिरे भरली. विद्यार्थी, अभियंते, डॉक्टर, पोलीस, महापालिकेची माणसे एकत्र बसून सिंहस्थाचे प्रश्न सोडवू लागली. त्यातून ‘आशिओतो’ नावाची चटई तयार झाली. हा जपानी शब्द, अर्थ पावलांचा आवाज. तिची कल्पना साधी आहे. वाटेच्या तोंडाशी दाब ओळखणारे सेन्सर असलेली चटई अंथरायची. माणूस तिच्यावरून चालला की पाऊल मोजले जाते, कोणत्या क्षणी आणि कोणत्या दिशेने तेही कळते, आणि किती माणसे आत गेली, किती बाहेर आली, याचा हिशेब दूर बसलेल्या अधिकाऱ्याला लगेच दिसतो.

कॅमेऱ्याने हे का होत नाही, असा प्रश्न कुणालाही पडेल. कॅमेऱ्याला पावसात, छत्र्यांखाली, रात्रीच्या अंधारात माणसे नीट मोजता येत नाहीत. आणि नाशिकचा सिंहस्थ ऐन श्रावण-भाद्रपदात येतो. मोबाइलवरून मोजावे तर येणाऱ्या अनेक आजीबाईंकडे मोबाइल नसतो. पाऊल मात्र प्रत्येकाला टाकावेच लागते. ही चटई करणाऱ्यांमध्ये एक नाशिकचा शाळकरी मुलगा होता. त्याने पुढे जगप्रसिद्ध टेड व्यासपीठावरून ही हकिगत सांगितली. २०१५ मध्ये चटयांनी १८ तासांत सुमारे पाच लाख माणसांची ये-जा टिपली. कुठल्या वाटेवर माणसे साचू लागली आहेत हे साचण्याआधी कळणे, याच्याइतकी मोलाची माहिती गर्दीच्या व्यवस्थापनात दुसरी नाही. २००३ मध्ये ती कुणाकडेच नव्हती.

नाशिकची अडचण प्रयागहून वेगळी आहे, हेही सांगायला हवे. तिथे माघातल्या कोरड्या थंडीत नदीपात्रातली अफाट वाळू मोकळी असते आणि तिच्यावर अख्खे तात्पुरते शहर वसते. इथे भर पावसाळा, शेवाळलेली काळ्या दगडाची पायरी, वरून गंगापूर धरणाचा विसर्ग, आणि दोन्ही काठांना शेकडो वर्षांची दाट वस्ती. गोदाकाठी दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठपर्यंत पाणी आले यावरून नाशिककर आजही पुराचा अंदाज घेतात. अशा ठिकाणी लाखो माणसे आणायची आणि सुखरूप परत पाठवायची, तर चालण्याखेरीज दुसरे वाहन उपयोगाचे नाही. अमेरिकेतल्या शहर-वाहतूक अधिकाऱ्यांच्या ‘नॅक्टो’ या संघटनेचा एक तक्ता नेहमी उद्धृत होतो. तीन मीटर रुंदीच्या पट्ट्यातून खासगी मोटारींनी तासाला ६०० ते १,६०० माणसे जातात. तेवढ्याच रुंदीच्या पदपथावरून ८,००० ते ९,००० जातात. पाय हे खासगी मोटारीपेक्षा कितीतरी अधिक क्षमतेचे वाहतूक साधन आहे. सिंहस्थात नाशिक हे जाणून वागते.

मग उरलेल्या अकरा वर्षांत काय होते?

आधी एक विसरलेली गोष्ट. जुने नाशिक पायी चालणाऱ्यांसाठीच वाढलेले गाव आहे. टेकांवर वसलेल्या वस्त्या, मेन रोड, भद्रकाली, सराफ बाजार, रविवार कारंजा, आणि पलीकडे पंचवटी. यातले कोणतेही दोन भाग एकमेकांपासून पायी पंधरा-वीस मिनिटांहून लांब नाहीत. १८९५ मध्ये बांधलेल्या व्हिक्टोरिया पुलाने, म्हणजे आताच्या अहिल्यादेवी होळकर पुलाने, दोन्ही काठ जोडले. गोदाघाटावर बुधवारचा आठवडे बाजार आजही भरतो आणि तिथे भाजीच्या ढिगांमधून वाट काढताना कुणालाच फूटपाथ लागत नाही, कारण तिथे सगळेच पायी असतात. पदपथाची गरज वेगवान वाहन आले की भासते.

१९८२ मध्ये महापालिका झाली, सातपूर-अंबडच्या कारखान्यांनी, सिडकोच्या वसाहतींनी शहर पसरले. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १४ लाख ८६ हजारांवर गेली. शहराच्या पोटातून मुंबई-आग्रा महामार्ग जातो, त्याला द्वारका चौकात पुण्याकडून येणारा महामार्ग मिळतो. २०१३ मध्ये महामार्गावरचा लांबलचक उड्डाणपूल सुरू झाला. वरून जाणाऱ्या गाड्यांची सोय झाली. खालच्या द्वारका चौकात पायी ओलांडणाऱ्याचे काय, यासाठी जमिनीखालून भुयारी मार्ग केला. तो जवळजवळ वापराविना पडून राहिला. लोकांना दोष देणारी पाटी लावणे सोपे आहे, पण कारण चालणाऱ्याच्या पायांत आहे. माणूस सरळ रेषेत चालतो. हातात पिशवी, कडेवर पोर घेऊन पायऱ्या उतरायच्या, अंधाऱ्या बोगद्यातून जायचे, पुन्हा पायऱ्या चढायच्या, आणि बाहेर यायचे ते हव्या त्या जागेपासून लांब, असे त्याला सांगितले तर तो वरूनच, गाड्यांच्या मधून ओलांडतो. बाईमाणसाला तर तिन्हीसांजेला त्या पायऱ्या उतरायची हिंमत होत नाही. मुंबईत २००८ पासून एमएमआरडीएने (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने) बांधलेल्या कित्येक स्कायवॉकचीही हीच गत झाली. चालणाऱ्याला जमिनीवरून हटवून वर किंवा खाली पाठवणे म्हणजे त्याची सोय, ही समजूतच तपासायला हवी.

जमिनीवर रस्ता ओलांडायचा तर काय लागते? वेळ लागतो, आणि तो मोजता येतो. सिग्नल आखताना चालण्याचा वेग सेकंदाला साधारण १.२ मीटर धरतात. चोवीस मीटर रुंद रस्ता ओलांडायला तरण्या माणसाला २० सेकंद लागतात. गुडघे दुखणारी आजी सेकंदाला ०.८ मीटरने चालते. तिला ३० सेकंद हवेत. हिरवा माणूस १५ सेकंद दिसला तर आजी रस्त्याच्या मधोमध सापडते. दुभाजकात दीड-दोन मीटर रुंदीची थांबायची जागा ठेवली तर तोच रस्ता दोन सोप्या टप्प्यांत ओलांडता येतो. हे काम काही दिवसांचे आहे आणि उड्डाणपुलाच्या खर्चाच्या मानाने नगण्य पैशांत होते.

आता पदपथाकडे नीट पाहू, कारण आपण त्याच्यावरून जातो किंवा जायचे टाळतो, पण त्याची रचना क्वचितच कुणी समजावून सांगतो. भारतात रस्त्यांची मानके इंडियन रोड्स काँग्रेस ठरवते. पादचारी सुविधांसाठी त्यांची ‘आयआरसी १०३’ ही पुस्तिका आहे. १९८८ ची मूळ आवृत्ती २०१२ मध्ये पुरती सुधारली गेली. तिच्यानुसार चांगला पदपथ तीन पट्ट्यांचा असतो. दुकानांच्या, कुंपणांच्या लगतचा अर्धा ते एक मीटरचा पट्टा दुकानात डोकावणाऱ्यांचा, दार उघडण्याचा. रस्त्याकडचा पट्टा झाडे, दिव्याचे खांब, बाक, बसथांबा, विजेची पेटी, कचराकुंडी यांचा. आणि मधला पट्टा निव्वळ चालण्याचा. तिथे काहीही असता कामा नये. वस्तीत या मधल्या पट्ट्याची रुंदी किमान १.८ मीटर हवी, म्हणजे चाकांच्या दोन खुर्च्या समोरासमोरून जाऊ शकतील. बाजारपेठेत अडीच मीटर, आणि खूप वर्दळीच्या बाजारात चार.

या १.८ मध्येच आपली बरीचशी फसवणूक दडलेली आहे. निविदेत ‘दोन मीटर पदपथ’ लिहिलेला असतो आणि तो खरोखर दोन मीटरचा बांधलाही जातो. मग त्याच्या मध्यावर विजेचा डीपी येतो, झाडाचा पार येतो, जाहिरातीचा खांब येतो, आणि चालायला दोन फूट उरतात. पदपथाची रुंदी मोजायची ती एका अडथळ्यापासून दुसऱ्यापर्यंत. काठापासून भिंतीपर्यंतची रुंदी चालणाऱ्याच्या काही कामाची नाही.

दुसरी गोष्ट उंचीची. मानक सांगते की पदपथ रस्त्यापासून १५० मिलिमीटरपेक्षा उंच नसावा. घरातल्या जिन्याच्या पायरीएवढी ही उंची. आपल्याकडे गाड्या चढू नयेत म्हणून तो दीड-दोन फूट उंच करतात. गाड्या मग चढत नाहीत, पण माणसेही चढत नाहीत. त्यातच प्रत्येक बंगल्याच्या, सोसायटीच्या, दुकानाच्या फाटकापाशी तो खाली उतरवलेला असतो. शंभर मीटर चालताना सात-आठ वेळा चढउतार करावा लागला तर शहाणा माणूस सरळ रस्त्यावरून चालतो आणि मग वाहनचालक त्याच्यावर हॉर्न वाजवतो. बरोबर पद्धत याच्या उलट आहे. पदपथ एकाच पातळीवर सलग राहतो आणि आत-बाहेर जाणारी गाडी चढून-उतरून त्याला ओलांडते, म्हणजे गाडीला पादचाऱ्याची परवानगी घ्यावी लागते.

ही कल्पना नवी नाही. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहरात रस्त्याच्या दोन्ही कडांना उंच दगडी पदपथ आहेत, आणि ओलांडण्याच्या जागी रस्त्यात मोठाले दगड पदपथाच्याच पातळीवर रोवलेले आहेत. त्यांच्या मधल्या फटींतून गाड्यांची चाके जात. पादचारी चिखलात न उतरता सरळ जाई, गाडीवाल्याला तिथे हळू व्हावे लागे. आज ‘उंचावलेला झेब्रा’ म्हणून जो उपाय सांगितला जातो तो दोन हजार वर्षांपूर्वी दगडात घडवलेला आहे.

पिवळ्या खडबडीत फरशांचीही हकिगत सांगितली पाहिजे. जपानमधले सेइइची मियाके यांनी दृष्टी जात चाललेल्या मित्रासाठी १९६५ मध्ये त्या तयार केल्या आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरात अंधशाळेजवळच्या रस्त्यावर प्रथम बसवल्या. उभ्या रेघा म्हणजे चालत राहा. उंचवट्याचे ठिपके म्हणजे थांबा, पुढे रस्ता किंवा जिना आहे. पायाच्या तळव्याला वाचता येणारी ही लिपी आहे. आपल्या शहरांत या फरशा आता सर्रास दिसतात, पण कितीतरी ठिकाणी रेघांची पट्टी थेट खांबावर किंवा उघड्या गटारावर जाऊन आदळते. डोळस माणसाला ती सजावट वाटत असेल. काठी घेऊन चालणाऱ्याला तिने दिलेली ती चुकीची सूचना आहे.

नाशिकमध्ये हे सगळे नीट करून पाहण्याचा एक प्रयत्न झाला. स्मार्ट सिटी योजनेत त्र्यंबक नाका ते अशोक स्तंभ हा १.१ किलोमीटरचा रस्ता पथदर्शी ‘स्मार्ट रोड’ म्हणून निवडला. जागा अचूक होती. वाटेत सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक), मेहेर सिग्नल, जिल्हाधिकारी कार्यालय, न्यायालय, शाळा. खेड्यापाड्यांतून एसटीने येणारा माणूस इथे उतरतो आणि पायीच कचेरी गाठतो. रुंद पदपथ, सायकलसाठी मार्गिका, जमिनीखाली वाहिन्या असा आराखडा होता. पण काम ठरलेल्या मुदतीच्या कितीतरी पुढे लांबले. खोदलेल्या रस्त्याने दुकानदार, विद्यार्थी, वकील, पक्षकार सगळे बेजार झाले, आणि ‘स्मार्ट रोड’ हा शब्दच लोकांच्या रोषाचा विषय बनला.

तरी त्या रस्त्याला मी केवळ फसलेला प्रयोग म्हणणार नाही. जमिनीखालच्या जुन्या जलवाहिन्या, केबल, गटारे कुठे आहेत याचे नकाशे पक्के नसले की पदपथाचे काम कसे अडकते, हे त्या १.१ किलोमीटरने दाखवले. पदपथ हे वरून फरशी बसवण्याचे काम दिसते. खरे काम जमिनीच्या खाली असते. वाहिन्या आधी एका बाजूला नेल्या नाहीत तर नवी फरशी वर्षभरात पुन्हा उखडली जाते. पुण्याने २०१६ मध्ये पादचारी धोरण मंजूर केले, जंगली महाराज रस्त्यावर गाड्यांची जागा कमी करून प्रशस्त पदपथ केले, आणि २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रोडवर गाड्या बंद ठेवून पादचारी दिन साजरा होतो. तिथल्या अडचणी संपलेल्या नाहीत, पण धोरण कागदावर असले की नागरिकाला हातात धरून विचारण्यासारखे काही तरी असते.

फेरीवाल्यांचा विषय टाळून पदपथावर बोलणे अप्रामाणिकपणाचे होईल. पदपथ रिकामा करा म्हणजे फेरीवाले हटवा, असे सरसकट समीकरण केले जाते. मला ते पटत नाही. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने त्यांना उपजीविकेचा हक्क दिला आहे, आणि जिथे फुलवाली, चहाची टपरी, केळ्यांची गाडी असते तो पदपथ रात्री आठनंतरही बाईला सुरक्षित वाटतो. त्यांची जागा झाडे-खांबांच्या पट्ट्यात आखून देता येते. मधला चालण्याचा पट्टा सर्वाधिक कुणी गिळला असेल तर तो उभ्या केलेल्या दुचाकी-चारचाकींनी, आणि त्यांच्याविरुद्धच्या मोहिमा आठवडाभराच्या वर टिकत नाहीत.

हे सगळे सोयीपुरते असते तर इतके लिहिण्याचे कारण नव्हते. २०२२ या एका वर्षात भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती. दिवसाला नव्वद. वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते, म्हणूनच रस्ता सुरक्षेवरील २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्याने पादचारी आणि वाहने एकत्र असतात तिथे ताशी ३० किलोमीटरची मर्यादा सुचवली. नॉर्वेच्या ओस्लो शहराने वेग कमी केले, मध्यभागातल्या पार्किंगच्या शेकडो जागा काढल्या, आणि २०१९ च्या पूर्ण वर्षात तिथे एकही पादचारी वाहनाखाली दगावला नाही. आपल्याकडे १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अडथळामुक्त पदपथ वापरण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे सांगितले.

नाशिकला आता पुन्हा तारीख मिळाली आहे. सिंहस्थाचे ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी आहे; २०२७ मध्ये पहिले अमृत स्नान (पूर्वीचे शाही स्नान) २ ऑगस्टला, दुसरे ३१ ऑगस्टला, आणि तिसरे नाशिकला ११ सप्टेंबरला, त्र्यंबकेश्वरला दुसऱ्या दिवशी. त्यासाठी कुंभमेळा प्राधिकरण नेमले आहे आणि रस्ते, पूल, घाट यांची कामे निघाली आहेत. तपोवनात साधुग्रामासाठी झाडे तोडण्याच्या प्रस्तावाला २०२५ च्या अखेरीस नाशिककरांनी जोरदार विरोध केला, त्यामागे झाडांवरच्या प्रेमाबरोबर चालणाऱ्याचीही बाजू आहे. चार-पाच किलोमीटर पायी येणाऱ्या भाविकाला सावली आणि पावसाचा आडोसा झाडच देते.

या कामांत शहराला मागण्यासारखे बरेच आहे. वाहनतळापासून घाटापर्यंतच्या ज्या वाटा सिंहस्थासाठी बांबू-पत्र्यांनी आखल्या जातात, त्यांतल्या निदान काही कायमच्या पदपथांच्या रूपाने आत्ताच बांधाव्यात, सिटीलिंकच्या थांब्यांना जोडाव्यात. ८ जुलै २०२१ पासून धावणाऱ्या या शहर बससेवेचा प्रत्येक प्रवासी बसमध्ये चढण्याआधी आणि उतरल्यानंतर पादचारीच असतो. आशिओतोसारखी मोजणी पर्वणीपुरती न ठेवता मेन रोड, शालिमार, सीबीएस, कॉलेज रोड इथे बारमाही व्हावी. गाड्या मोजणारे आपण, माणसे मोजतच नाही. आणि जे मोजले जात नाही त्याच्यासाठी अंदाजपत्रकात रक्कम निघत नाही. पंचवटीतल्या गल्ल्यांचे रुंदीकरण करताना जुने वाडे पाडण्याआधी तिथून मिनिटाला किती माणसे जातात आणि कुठे अडतात हे मोजून पाहावे. पुष्कळदा अख्खी गल्ली रुंद करण्याची गरजच नसते. कोपऱ्यावरचा एक ओटा, एक खांब, एक उघडे गटार, एवढे बाजूला केले की तासाला हजारो माणसे जास्त जाऊ शकतात. ते कुठले, हे त्या गल्लीत राहणाऱ्या कुणालाही विचारले तर तो हात धरून दाखवील. आराखड्यांवर सह्या होण्याआधी, वॉर्डावॉर्डांत, त्याला विचारायला अजून वेळ आहे.